सांदवाडीची हत्यारं

यवतमाळ जिल्ह्यात शेतीच्या हत्यारांची वाटणी फार जुनी आहे. बैलामागून चालतं ते पुरुषाचं: नांगर, वखर, तिफण, डवरा. मुठीत मावतं ते बाईचं: खुरपं, विळा, आणि घरी आल्यावर पावशी. पहिल्या यादीच्या वाट्याला ट्रॅक्टर आला, पेरणीयंत्र आलं, बँकेचं कर्ज आलं, सरकारी अनुदान आलं. दुसऱ्या यादीतली हत्यारं आजीच्या हातात जशी होती, जवळपास तशीच नातीच्या हातात आहेत. हा लेख त्या दुसऱ्या यादीबद्दल आहे. घरामागच्या चार वाफ्यांत भाजी पिकवायला, ती तोडायला, चिरायला, वाळवायला नेमकं काय लागतं, आणि दुकानात मिळणाऱ्या झगमगीत वस्तूंपैकी काय खरोखर उपयोगाचं आहे, हे यवतमाळच्या मातीत उभं राहून तपासायचं आहे.

वर्धा नदीपासून पैनगंगेपर्यंत पसरलेल्या या सोळा तालुक्यांच्या जिल्ह्याची ओळख कापूस. काळ्या कसदार जमिनीवर पऱ्हाटी, तिच्या सोबतीला तूर, अलीकडे सोयाबीन. भाजीला शेतात स्वतंत्र जागा क्वचितच मिळते. तिची जागा घरामागे, न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे. त्या सांदवाडीत वांगी, मिरची, भेद्रं म्हणजे टोमॅटो, सांबार म्हणजे कोथिंबीर असते. कुंपणावर बरबटीचा वेल, मांडवावर दोडका, छपरावर कोहळं, कडेला अंबाडीची दोन-चार ताटं. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवरही, घराला लागून वाल आणि कोहळ्याचे वेल चढवलेले दिसतात.

पूर्वी शेतातही भाजी असायची. पऱ्हाटीच्या पाटांमध्ये अंबाडी, भेंडी, बरबटी, काकडी टाकायची आणि निंदणाला गेलेल्या बायांनी संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन यायचं, हा रिवाज होता. तणनाशकाची फवारणी वाढली तशी ही भाजी शेतातून उठली. अंबाडी आणि तण यांतला फरक तणनाशकाला कळत नाही. घोळ, चिवळ, तरोटा या आपोआप उगवणाऱ्या पालेभाज्याही त्याच फवाऱ्याखाली गेल्या. म्हणून घरामागच्या तुकड्यावरचा भार आज वाढलेला आहे. जे कापूस पिकवतात त्यांनाच आठवडी बाजारातून भाजी विकत आणावी लागते, ही या जिल्ह्याची अडचण आहे, आणि तिच्यावरचा सगळ्यांत जवळचा इलाज ती सांदवाडीच आहे.

आता खुरप्याकडे येऊ, कारण बाकी सगळं त्याच्यानंतर.

चांगलं खुरपं अजूनही लोहाराच्या भात्यावरच होतं. ट्रकची जुनी कमानपट्टी हे त्यासाठीचं आवडतं पोलाद. ती तापवून, ठोकून, पात्याला बाक देऊन पाणी पाजलं की जे पातं तयार होतं ते काळ्या मातीत टिकतं. हार्डवेअरच्या दुकानात रंगीत प्लास्टिकच्या मुठीचं जे पातळ पत्र्याचं खुरपं मिळतं, ते कुंडीतल्या भुसभुशीत मातीसाठी ठीक आहे. यवतमाळची काळी माती ओली असताना पात्याला चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. दोन्ही अवस्थांत पातळ पातं वाकतं. इथलं सगळं काम वाफशावर चालतं, म्हणजे माती हाताने दाबली की ढेकूळ होईल आणि बोटाने टोकरली की फुटेल, त्या नेमक्या ओलीवर. वाफसा दोन-तीन दिवसांत निघून जातो. तेवढ्यात चार वाफे उरकायचे तर हत्यार धारदार आणि हलकं हवं.

घरच्या वाफ्यासाठी शेतातलं रुंद खुरपं नेलं तर लसणाच्या आणि सांबाराच्या ओळीत ते मावत नाही. तीन बोटं रुंदीचं, टोकाला निमुळतं वेगळं पातं करून घ्यावं. मूठ बाभळीची किंवा धावड्याची, आणि ज्या हाताने वापरायचं त्या हाताच्या मापाची. लोहाराला हे सांगितलं तर तो करून देतो. सांगायला मात्र बाई स्वतः भात्यापाशी जायला हवी, कारण मूठ तिच्या पंज्यात बसायची आहे. डावखुऱ्या बाईने पात्याचा बाक उलटा करून मागावा. ही एवढी साधी गोष्ट कुठल्याही दुकानात मिळत नाही आणि लोहाराकडे सहज मिळते.

खुरप्याची मोठी खोट म्हणजे बसणं. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात उकिडवं बसून निंदण केलेल्या बाईने संध्याकाळी पुन्हा घरच्या वाफ्यात उकिडवं बसायचं, याचा हिशेब गुडघे आणि कंबर चुकता करतात. त्यावर उभ्याने चालवायचं एकचाकी सायकल कोळपं हा मला दिसलेला सगळ्यांत चांगला उपाय. पुढे जुन्या सायकलचं चाक, मागे पातं, हातात हँडल. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलच्या भागांपासून असं अवजार बनवलं, 'कृषिराजा' या नावाने ते ओळखलं गेलं आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची दखल घेतली. बैलजोडी पोसणं परवडत नाही अशा माणसाची गरज त्यामागे होती. गावातला वेल्डिंगवाला एका दिवसात ते बनवून देऊ शकतो. अट एवढीच की वाफे आखतानाच दोन ओळींत कोळप्याच्या पात्याला जागा ठेवायची. वाफा हत्यार बघून आखावा, हे परसबागेच्या माहितीपत्रकांत फारसं सांगितलं जात नाही.

माती उघडी न ठेवणं हे तर अर्धं निंदण वाचवतं. यवतमाळजवळच्या छोटी गुजरीचे सुभाष शर्मा १९९४पासून रसायनांशिवाय शेती करतात. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. पावसाचं पाणी आणि माती शेताबाहेर जाऊ न देणं आणि जमीन जिवंत ठेवणं यावर त्यांनी आयुष्यभर भर दिला. घरच्या वाफ्यात त्याचा सोपा अवतार म्हणजे सोयाबीनचं कुटार. मळणीनंतर ते ढिगाने असतं. वाफ्यावर चार बोटं जाडीचा थर दिला की तण कमी, ओल जास्त. पऱ्हाट्यांबद्दल मात्र सावध राहावं. कापूस संपल्यावर त्या जळणासाठी घरामागे रचून ठेवायची रीत आहे, पण गुलाबी बोंडअळी वाळलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तिथूनच निघते. पऱ्हाट्या बारीक करून कंपोस्ट करता येतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यावर बरंच काम केलेलं आहे. फक्त बारीक करायचं यंत्र एका घराच्या आवाक्यातलं नाही. त्याविषयी पुढे येईलच.

पाण्याची गोष्ट इथे खुरप्याइतकीच जुनी आणि जास्त अवघड. जिल्ह्यात पाऊस नऊशे-हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. आकडा वाईट नाही. पण तो चार महिन्यांत पडतो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला भिडतो. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली आणि यवतमाळ शहर टँकरवर आलं. ज्या घरात प्यायचं पाणी रांगेतून आणलं, त्या घरातली कुंडी कोण भिजवणार? त्या उन्हाळ्यात ज्यांच्या वेली जगल्या त्या न्हाणीच्या पाण्यावर जगल्या.

अशा ठिकाणी झारी आणि पाइप यांच्या आधी मला माठ सुचवावासा वाटतो. पाच ते दहा लिटरचा, आतून-बाहेरून रंग न दिलेला मातीचा माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, पाणी भरून तोंडावर झाकणी ठेवायची आणि भोवती वीतभर अंतरावर तीन-चार रोपं लावायची. माती कोरडी झाली की ती माठाच्या छिद्रांतून पाणी ओढते, भिजली की ओढणं थांबतं. झाडाला हवं तेवढंच जातं. वरचा पृष्ठभाग कोरडा राहतो, त्यामुळे तणही कमी. चीनमधल्या फान शेंग-ची यांच्या शेतीग्रंथात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात या पद्धतीचं वर्णन आहे. आपल्याकडे हरियाणातल्या कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत आर. सी. मंडल यांनी १९७०च्या दशकात तिच्यावर प्रयोग केले आणि खारवट पाण्यावरही वेलभाज्या येतात हे दाखवलं.

या माठाबद्दल एक चुकीचा सल्ला सगळीकडे फिरतो: जुना झालेला, पाणी थंड न करणारा माठ बागेत वापरा. विचार केला तर लक्षात येतं की माठ पाणी थंड करतो तो छिद्रांतून पाझरून. थंड करायचा थांबला याचा अर्थ क्षारांनी छिद्रं बुजली. असा माठ जमिनीतही पाझरणार नाही. नवा किंवा एकाच उन्हाळ्याचा माठ घ्यावा, हंगाम संपल्यावर काढून काथ्याने घासून उन्हात वाळवावा. गळ्याशी कपची उडालेले माठ कुंभाराकडे स्वस्तात मिळतात. ते उत्तम. काळ्या मातीसाठी आणखी एक काळजी: ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिचा दाब माठाला तडा देऊ शकतो आणि भेग पडली की माठाचा मातीशी संपर्क तुटतो. म्हणून खड्डा थोडा मोठा घेऊन भोवती शेणखत आणि रेती मिसळलेली माती भरावी. झाकणी विसरू नये, नाहीतर डास होतात. शहरात ऑनलाइन मिळणारे मातीचे खुंटे याच तत्त्वावर चालतात आणि कुंडीसाठी ते चांगले आहेत. पण जिथे कुंभार आहे तिथे ते मागवण्याची गरज नाही.

सलाइनच्या बाटलीचं ठिबक हा दुसरा लोकप्रिय उपाय. बाटली काठीला टांगायची, नळीवरच्या चाकाने थेंब कमी-जास्त करायचा. कल्पना चांगली आहे, रोपाला उपयोगही होतो. पण रुग्णालयात वापरून झालेल्या बाटल्या आणि नळ्या हा जैववैद्यकीय कचरा आहे. २०१६च्या नियमांनुसार तो ठरलेल्या यंत्रणेकडेच जायला हवा. त्या बाटल्या घरच्या भाजीवर टांगू नयेत. पाण्याच्या साध्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात घातली तरी तेच काम होतं. वात सैल-घट्ट करून थेंब ठरवता येतो.

न्हाणीच्या आणि भांड्यांच्या पाण्याला पैनगंगेपलीकडच्या नांदेड जिल्ह्याने चांगली वाट दाखवली. 'नांदेड पॅटर्न' या नावाने गाजलेला शोषखड्डा मूळ गावातली उघडी गटारं आणि डास संपवण्यासाठी होता. खड्ड्यात भोकं पाडलेली टाकी, भोवती दगड-विटांचा भराव. रोजगार हमीतून असे हजारो खड्डे झाले. परसबागेच्या दृष्टीने एवढंच वाढवावं की खड्ड्याच्या कडेला केळी, पपई, अळू, शेवगा यांतलं काही लावावं. कपड्यांच्या साबणाचं पाणी पालेभाजीवर मात्र सोडू नये.

ओल मोजायचा काटा, ज्याची टोचणी मातीत खुपसायची आणि वर आकडा वाचायचा, तो घ्यावा का, असं शहरातले बागप्रेमी विचारतात. घेऊ नये. स्वस्तातला काटा प्रत्यक्षात मातीतून वीज किती वाहते ते मोजतो. खत टाकलेल्या किंवा क्षारयुक्त मातीत तो ओल नसताना ओल दाखवतो, आणि भेगाळलेल्या काळ्या मातीत टोचणीला माती नीट लागतच नाही. बोट दोन पेरं आत घालावं. वाफसा ओळखणाऱ्या बोटाइतकं भरवशाचं यंत्र या मातीसाठी अजून कोणी विकत नाही.

आता पंपाविषयी. यवतमाळमध्ये हा विषय हलक्या हाताने लिहिता येत नाही.

२०१७च्या पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले, काहींची दृष्टी अधू झाली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, दमट उकाडा होता, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती, अंगावर धड कापड नव्हतं. बॅटरीवर चालणाऱ्या पंपांच्या बारीक तुषारांचीही तेव्हा खूप चर्चा झाली. तुषार जितका बारीक तितका तो हवेत जास्त वेळ तरंगतो आणि नाकातोंडात जातो.

तो पाठीवरचा पंप शेतातून घरी येतो तेव्हा कुठे ठेवला जातो? बहुतेक घरांत मागच्या पडवीत, सांदवाडीच्या तोंडाशी. वांग्यावर अळी दिसली की त्याच पंपात उरलेलं थोडं औषध असतं. हात तिकडे जाणं स्वाभाविक आहे, आणि तेच टाळायचं आहे. मोनोक्रोटोफॉस हे कापसावर वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं औषध भाजीपाल्यावर वापरायला २००५पासून बंदी आहे. कापसाला चालतं ते भाजीला चालत नाही, कारण भाजी दोन दिवसांनी ताटात येते.

म्हणून परसबागेसाठी घ्यायची पहिली विकतची वस्तू मी सांगेन ती म्हणजे एक-दोन लिटरचा, हाताने हवा भरायचा छोटा प्लास्टिकचा पंप. वेगळ्या रंगाचा, स्वयंपाकघराच्या बाजूला टांगलेला, ज्यात शेतातलं औषध कधीही जाणार नाही असा. त्यात घालायचा तो निंबोळी अर्क. जूनमध्ये कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवायच्या. वापरायच्या आदल्या रात्री लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम या मापाने पाट्यावर भरडून भिजत घालायच्या, सकाळी पातळ कापडातून दोनदा गाळायचं, चिमूटभर साबणाचा चुरा मिसळायचा म्हणजे अर्क पानाला चिकटतो. दुहेरी गाळणं महत्त्वाचं, कारण छोट्या पंपाचं तोंड लगेच तुंबतं. फवारणी संध्याकाळी करावी. कडुनिंबातला मुख्य घटक उन्हाने लवकर निकामी होतो, आणि केलेला अर्क दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवण्यात अर्थ नाही. हा अर्क अळीला लगेच मारत नाही. तो तिचं खाणं आणि वाढ रोखतो. फवारल्यावर तासाभरात अळी मेली नाही म्हणून अर्क वाया गेला असं समजू नये.

कापसाच्या जिल्ह्यात परसबाग करणाऱ्याने भेंडीबद्दलही एक गोष्ट समजून घ्यावी. कापूस, भेंडी आणि अंबाडी एकाच कुळातल्या. ठिपक्यांची बोंडअळी कापसावर असते तशी भेंडीत शिरते. पांढरी माशी दोन्हींवर बसते आणि भेंडीला पानं पिवळी करणारा विषाणू आणून देते. चहूबाजूंनी पऱ्हाटी असलेल्या घरामागे भेंडी रोगट झाली तर दोष बाईच्या हाताचा नसतो. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे चांगले: पिवळा रंगवलेला पत्रा किंवा जुना डबा, वर एरंडेलाचा हात. कामगंध सापळे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला कापसामुळे माहीत आहेत, पण त्यातली गोळी दर किडीची वेगळी असते. गुलाबी बोंडअळीची गोळी वांग्यातल्या शेंडेअळीला बोलावत नाही, आणि दोडका-काकडीला टोचणाऱ्या फळमाशीसाठी तिसरीच गोळी लागते. दुकानदाराला 'सापळा द्या' म्हणू नये. पीक आणि कीड दोन्ही सांगावं.

भाजी तोडायला दोन छोट्या वस्तू पुरतात. अंगठ्यात घालायची पात, जी आता बाजारात सगळीकडे मिळते, तिने भेंडी, बरबटी आणि पोपटाच्या शेंगा देठाशी कापल्या जातात. वेल ओढला जात नाही. आणि भेंडीच्या लवेची खाज, वांग्याचे काटे यांसाठी सुती हातमोजे. छपरावरच्या कोहळ्याला किंवा शेवग्याच्या शेंगांना उंच काठी लागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंब्यासाठी बनवलेला 'नूतन झेला' बघून बांबूला जाळी आणि पातं बांधून घेता येतं. आंबा झेलणाऱ्या जाळीला शेवग्याच्या शेंगा झेलायला काही अडचण नसते.

पावशीवर कितीही लिहिता येईल. लाकडी पाटावर उभं पातं, एक पाय पाटावर दाबून दोन्ही हात मोकळे. अंबाडीची जुडी, सांबाराचा गठ्ठा, कोवळा दोडका, पोलादी कोहळं, सगळं एकाच पात्यावर. सुरीला फळी लागते, ओटा लागतो, चिरताना एक हात अडकतो. पालेभाजी पावशीवर जितकी बारीक आणि स्वच्छ चिरली जाते तितकी दोरी ओढायच्या चॉपरमध्ये कधीच नाही. चॉपर पानं ठेचतो, त्यांचं पाणी सुटतं, आणि सांबारवडीचं सारण ओलं झालं की वडी फुटते. कांदा, हिरवी मिरची, गाजर यांना मात्र तो चांगला, आणि हाताला कंप असलेल्या माणसाला सुरीपेक्षा सुरक्षित. ज्यांना खाली बसणं जमत नाही त्यांच्यासाठी ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची पावशी मिळते. ती गुडघेदुखीच्या प्रत्येक घरात असावी. स्टीलचं पातं गंजत नाही पण धार लवकर सोडतं. लोखंडाचं गंजतं पण घरी दगडावर पाजळता येतं. वापरून झाल्यावर पुसून तेलाचा हात लावायची सवय असेल तर लोखंडाचं घ्यावं.

परसबागेची खरी अडचण मिळण्यापेक्षा एकदम मिळण्याची असते. वांगी लागतात तेव्हा टोपलीभर लागतात, आणि उन्हाळ्यात काहीच नसतं. वऱ्हाडातल्या बायांनी याचं उत्तर फार पूर्वी काढलं: वांग्याच्या खुला, वाळवलेली गवार, मेथी, कोहळ्याच्या वड्या. जिल्ह्याचं सगळ्यांत मोठं फुकट यंत्र म्हणजे त्याचं ऊन. कोरडी हवा आणि प्रखर ऊन यांत पातळ चकत्या दोन-तीन दिवसांत वाळतात. फक्त खाटेवर उघडं वाळवताना धूळ बसते, आणि थेट उन्हात पालेभाजीचा रंग आणि जीवनसत्त्व 'अ' देणारा घटक बराच नष्ट होतो. पालेभाजी म्हणूनच सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवावी. वांगी आणि भेद्रांसाठी काळ्या पत्र्याची, वर काच किंवा जाड प्लास्टिक लावलेली पेटी उपयोगी. खालून हवा आत यायला आणि वरून वाफ बाहेर जायला भोकं ठेवायची. ती नसतील तर भाजी वाळण्याऐवजी शिजते.

यातला धंद्याचा टोकाचा नमुना महाराष्ट्रातच आहे. वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज या कंपनीचं सौर वाळवणयंत्र गावोगावच्या बाया चालवतात, वाया जाणारा माल वाळवून विकतात. २०२३ साली या कामाला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. खुला वाळवणाऱ्या आजीचं ज्ञान आणि अभियंत्याचं यंत्र यांची गाठ पडली की काय होतं, ते तिथे दिसतं. अशी गाठ क्वचित पडते, याचं मला वाईट वाटतं.

वर्धा नदी ओलांडली की ज्या गावात ही गाठ बांधायचा मोठा प्रयत्न झाला, ते वर्धा शहर. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत त्याचं ठाणं पडलं, आणि जे. सी. कुमारप्पा यांच्यासारखा परदेशात शिकलेला अर्थतज्ज्ञ जातं, घाणी, चूल यांच्या सुधारणेत गढून गेला. धूर कमी करणारी मगनचूल तिथली. १९३८मध्ये उघडलेलं मगन संग्रहालय आजही तिथे आहे. घरातलं हत्यार हा अभ्यासाचा आणि पैसा घालण्याचा विषय आहे, हे तिथे गृहीत धरलं होतं. नंतरच्या काळात शेतीसंशोधनाचं लक्ष बियाणं, खत आणि यंत्रांकडे गेलं. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात संकरित ज्वारी आणि कृषी विद्यापीठं आली आणि राज्याची धान्याची भूक भागली. ते काम मोठंच होतं. घरामागचा वाफा त्यात नव्हता. त्याची बाजू कोल्हापूरकडच्या श्रीपाद दाभोलकरांनी 'प्रयोग परिवार' उभा करून लावून धरली: थोडी जागा, घरातला काडीकचरा, बेताचं पाणी, आणि नोंद ठेवणारा माणूस. बियाण्याची बाजू अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी. वाल, घेवडा, भोपळ्यांची गावरान बियाणी त्यांनी राखेत घोळून मडक्यांत जपली आणि परसबागांसाठी वाटली.

आज गावपातळीवर हे काम 'उमेद' अभियानाच्या बचत गटांतून चालतं. पोषण परसबागेची मोहीम त्यांनीच गावागावांत नेली. वाफे आखले गेले, बियाणी वाटली गेली, फोटो निघाले. हत्यारांचं मात्र बाईवर सोडलं गेलं. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अर्ज करायचा तर सातबारा लागतो, आणि यवतमाळच्या बहुतेक बायांच्या नावावर सातबारा नाही. भूमिहीन मजूर बाईच्या घरी तर कुणाच्याच नावावर नाही. तिच्याकडे जी आहे ती घरामागची पंधरा बाय वीस फुटांची जागा, आणि तिला जमिनीत कुणी मोजत नाही.

म्हणून ग्रामसंघाच्या नावावर अवजार बँक हवी, आणि तिच्यासाठी सातबाऱ्याची अट नको. पऱ्हाटी आणि काडीकचरा बारीक करायचं यंत्र, चार सायकल कोळपी, एक मोठी सौर वाळवणपेटी, पाकिटं बंद करायचं छोटं यंत्र, आणि लोहाराला वर्षातून दोनदा गावात बोलावून सगळ्यांच्या खुरप्यांना धार लावून घेण्याचे पैसे. एवढ्यावर पन्नास घरांच्या वाड्या चालतील. खुरपं, पावशी आणि माठ ज्याचे त्याच्याकडे असावेत, कारण ते हाताच्या आणि वाफ्याच्या मापाचे असतात. फवारणीचा छोटा पंपही बँकेत ठेवू नये. कोळपं कोणीही नेलं, परत आणलं तरी बिघडत नाही. पंप परत आला की तो कोणी नेला हे वहीत सापडतं, पण त्यात काय भरलं होतं ते सापडत नाही.